बिनधुराचा बार

फुटलेली बंदूक गोणपाटात गुंडाळून दुकानात आली, तेव्हा मल्लप्पा मिस्त्री पुढे बसून एका जुन्या बंदुकीच्या घोड्याला कानस लावत होता आणि त्याची बायको दाक्षायणी आत, पडद्यामागे, काडतुसं भरत होती. ती आत बसून काय करते हे सोलापुरात कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं असतं तर धंदा बसला असता.

शिकारी माणूस म्हणजे एक अजब प्रकरण. रानडुकरासमोर पाय रोवून उभा राहील, पण निघताना मांजर आडवं गेलं की घरी परतेल. बाईचा हात लागलेलं काडतूस हा त्यातलाच प्रकार. ते ऐन वेळी दगा देतं असा मोहोळपासून अक्कलकोटपर्यंतच्या सगळ्या बंदूकवाल्यांचा पक्का समज होता, आणि हेच लोक मल्लप्पाच्या दुकानात येऊन म्हणत, "मिस्त्री, तुमच्या हातचा बार कधी फुकट गेला नाही." मल्लप्पा मान खाली घालून हसायचा. लोकांना तो विनय वाटे. खरं म्हणजे कुलपं, कमानी, दस्ते यांत त्याला तोड नव्हती, पण दारू भरताना त्याचा हात जड पडे. एक काडतूस जोरात तर दुसरं नरम. लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी दाक्षायणीने ते काम आपल्याकडे ओढून घेतलं. नाव मल्लप्पाचं आणि हात दाक्षायणीचा, असा चौदा वर्षं संसार चालला होता.

तिच्याकडे नाना तऱ्हेची काडतुसं येत. पेन्शनर रिसालदाराच्या जुन्या सहाबारी पिस्तुलाची आखूड, अंगठ्याएवढी जाड. बारा नंबरची छऱ्यांची. आणि सगळ्यांत देखणी, पाचशे नंबरच्या रायफलची, करंगळीपेक्षा लांब पितळी नळकांडी. वापरलेली पुंगळी साफ करायची, जळकी टोपी काढून नवी बसवायची, मापाने दारू ओतायची, वर बुरणुसाचा डाट दाबायचा आणि शेवटी शिशाची गोळी. डाटासाठी लागणारा बुरणूस, लोकर थापून केलेला तो जाड कपडा, मायाक्का नावाची धनगरीण आणून द्यायची. डाट आतच कापावे लागत, म्हणून पडद्यामागे जाण्याची मुभा सबंध सोलापुरात एकट्या मायाक्काला होती. ती बसून पान खायची, दाक्षायणीचे हात बघायची, आणि बाहेर जाऊन अवाक्षर बोलायची नाही.

आणि आज जी बंदूक फुटून आली होती, ती फोडणारा बार मायाक्काच्याच नवऱ्याने टाकला होता. सिदू त्याचं नाव. बैलगाडीतून दवाखान्यात नेताना तो मोहोळच्या वाटेवरच संपला होता.

फौजदार खुर्चीवर बसला. नवा होता, शिकलेला, बोलायला बरा. "मिस्त्री, इनामदार आबासाहेबांची ही दुनळी. तुमच्या माहितीतलीच असणार."

"होय साहेब. त्यांच्या वडिलांनी विलायतेहून मागवलेली."

"आबासाहेबांचं म्हणणं असं, की कुरणाचा राखणदार सिदू याने नळी पुसली आणि चिंधीचा बोळा आत तसाच राहू दिला. त्यावर बार टाकला, म्हणून नळी फुटली. तुम्ही जाणकार. नीट बघून ठेवा. मी गुरुवारी पंच घेऊन येतो, आबासाहेबही येतील. तुम्ही सांगाल तसं पंचनाम्यात लिहीन."

म्हणजे शेत कुणी खाल्लं हे कुंपणालाच विचारायचं होतं. फौजदाराचाही दोष नाही. अख्ख्या जिल्ह्यात बंदुकीतलं कळणारा दुसरा होता कोण? तो गेल्यावर मल्लप्पाने दाराला कडी घातली आणि गोणपाट सोडलं. दाक्षायणी पडदा सारून बाहेर आली.

बोळ्याने फुटलेली नळी तिने दोनदा पाहिली होती. बोळा असतो तिथे नळी फुगते, मधे कुठेतरी, आणि तिथेच उकलते. ही उजवी नळी मधे सरळ, नितळ होती. फुटली होती ती अगदी मागे, काडतूस बसतं तिथे. पोलाद उलटं वळलं होतं आणि दस्त्याच्या लाकडाच्या चिरफाळ्या उडाल्या होत्या. चिरफाळीत काळं रक्त वाळलेलं होतं. दाक्षायणीने ते पाहिलं आणि तिला काहीच झालं नाही. ती आत गेली, चुलीवरची आमटी उतरवली, पुन्हा बाहेर आली.

"काडतुसाचा जोर," ती म्हणाली.

मल्लप्पाने गोणपाट पुन्हा बंदुकीवर ओढलं. दोघं घरचं सगळं कानडीत बोलत आणि धंद्याचं मराठीत. त्या दिवशी त्यांना कोणत्याच भाषेत फारसं बोलता आलं नाही.

महिन्यापूर्वीची गोष्ट. आबासाहेब दुकानात येऊन बसले होते. काळ्या दारूचा त्यांना वीट आला होता. "एक बार टाकला की डोळ्यांपुढं धूरच धूर. लांडगा काय दुसऱ्या बाराची वाट बघत थांबतो? मिस्त्री, मला बिनधुराची भरून द्या." पाचशे नंबरची ती जुनी बंदूक काळ्या दारूसाठीच केलेली. पण इनामदाराला नाही म्हणायला जी जीभ लागते ती मल्लप्पाला देवाने दिली नव्हती. छऱ्यांच्या काडतुसांत त्याने पूर्वी बिनधुराची दारू वापरली होती. ती फुगीर आणि हलकी असे, काळ्या दारूच्याच मापाने भरायची, तसं दारू पुरवणाऱ्या दुकानदाराने सांगितलंही होतं. या वेळी मुंबईहून आलेला डबा वेगळा होता. वर इंग्रजीत बारीक अक्षरांत पुष्कळ काही छापलेलं. मल्लप्पाला मोडी येत होती, कानडी येत होती, इंग्रजी येत नव्हती. कुणाकडून वाचून घ्यायचं तर जाणकारपणाला कमीपणा. त्याने डबा आत सरकवला.

"माप?" तिने विचारलं होतं.

"माप तेच."

दाक्षायणीने पितळी माप डब्यात बुडवलं, काठोकाठ सपाट केलं आणि उचललं. ते जड लागलं. फार नाही, पण चौदा वर्षांच्या हाताला कळण्याइतकं जड. दाणे बारीक, राखी, चपटे होते, एकमेकांत गच्च बसणारे. ती क्षणभर थांबली. बाहेर आबासाहेब खाकरत होते. तिने माप ओतलं. मग दुसरं, मग तिसरं. सहा काडतुसं भरली.

त्यातलं पहिलंच सिदूच्या वाट्याला आलं. तिथे लांडगाही नव्हता. दगडावर मडकं ठेवलं होतं, आणि आबासाहेब म्हणाले होते, "नवा बार हाय, आदी तू टाकून बघ." मोठ्या माणसांची अशी रीत असते. पहिला घास देवाला, पहिला बार गड्याला.

फौजदार येऊन गेला त्या रात्री जेवताना मल्लप्पा म्हणाला, "बोळा होता म्हणून सांगतो."

ती भाकरी मोडत होती.

"परवाना जाईल. मला आत टाकतील. आणि तू भरतेस हे कळलं, तर मग काय, लोक दारात उभे राहायचे नाहीत. मेलेला माणूस काही परत येत नाही."

ते सगळं खरं होतं. मार्शल लॉच्या वर्षी, तीस साली, दुकान पार बसलं होतं, आत्ता कुठे चार गिऱ्हाइकं फिरकत होती. तिने भाकरी खाल्ली, भांडी घासली. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, याची तेवढी तिला भीती वाटत होती. थंडीत आखडलेला हात चुलीशी धरला तरी काही वेळ ऊब कळत नाही, तसं तिचं झालं होतं.

बुधवारी सकाळी गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर मायाक्का आली. या खेपेला काखेत बुरणूस नव्हता, कपाळावर कुंकू नव्हतं. ती नेहमीसारखी पडद्यामागे येऊन भिंतीशी टेकून बसली. दाक्षायणीने तिला पाणी दिलं.

"आक्का," मायाक्का म्हणाली, "एकच इचारते. तुमचा जलम बंदुकीत गेला म्हून इचारते. माजा मालक बोळा इसरंल का?"

दाक्षायणीने बुरणुसाचा तुकडा पुढे ओढला.

"चिंदी दोरीला बांदून वडायचा त्यो. दोरी बाहीर आली म्हंजी चिंदी बी बाहीर. मग बोळा ऱ्हाईल कसा? म्या इनामदाराला त्येच इचारलं. तर म्हणतो, तुला काय कळतंय. त्येच्या चुकीनं माजी बंदूक गेली म्हणतो. बंदूक!" ती थांबली. "चाकरीत मेला आसं सरकारात लिवलं, तर कुरणातली झोपडी आन पड जमीन ऱ्हाऊ देतो म्हणतो. त्येच्या चुकीनं मेला आसं लिवलं तर पाडव्याच्या आत निगा. मेंढरं घिऊन कुटं जाऊ मी?"

"उद्या लिहिणार आहेत."

"व्हय. म्हून तर आले. मिस्त्री काय सांगनार हायती?"

डाट कापायची ठोकणी दाक्षायणीच्या हातात होती. तिने एक डाट कापला, मग आणखी एक. आपले हात आपणहून काम करतायत हे तिला दिसत होतं.

"मला नाही ठाऊक," ती म्हणाली. खोटं बोलायलाही काही लागलं नाही.

मायाक्का रडली. आवाज न करता, पदर तोंडात धरून, बराच वेळ. दाक्षायणी तिच्याकडे बघत बसली. या बाईचं लग्न झालं तेव्हाची हकिगत तिला ठाऊक होती, तिच्या पहिल्या मुलीचं नाव ठाऊक होतं, सिदूला लसणाची चटणी लागते हेसुद्धा ठाऊक होतं. तरी डोळ्यांत टिपूस येईना. शेवटी मायाक्काच डोळे पुसून उठली. "उद्या येते मी. पायरीवर बसंन. काय लिवत्यात ते ऐकायचं हाय," म्हणाली आणि गेली.

गुरुवारी फौजदार आला, दोन पंच आले, आबासाहेब आले. आबासाहेबांचा फेटा टोकदार आणि चेहरा दुखावलेला. वडिलांची बंदूक गेल्याचं दुःख त्यांना खरोखरच झालं होतं. मायाक्का पायरीवर बसली. फौजदाराने कागद पुढे घेतला.

"हं, मिस्त्री. बोळा होता की नव्हता?"

मल्लप्पाने बंदूक उचलली, उलटसुलट केली, खाली ठेवली. "बोळा," तो म्हणाला आणि थांबला. "बोळा असला म्हणजे साहेब..."

"बोळा नव्हता."

पडदा सारून दाक्षायणी पुढे आली होती. डोक्यावरून पदर घेतलेला, हातांना काजळी.

"बोळ्याने नळी मधे फुगते. ही मागे फुटलीय. काडतुसाचा जोर झाला. ते काडतूस मी भरलं होतं."

फौजदाराने लेखणी खाली ठेवली आणि समजूतदारपणे हसला. "बाई, नवऱ्याला वाचवायला आलात, ते मी समजू शकतो. पण हे असं चालत नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता?"

आबासाहेबांना मात्र हसू आलं नाही. ते अर्धवट उठलेच. "बाया कुटं काडतुसं भरत्यात? मिस्त्री, काय बोलते ही? चौदा वर्सं मी तुमच्याकडनं..." त्यांचा आवाज चिरकला. सिदू मेला तेव्हा त्यांचा रंग उडाला नव्हता, तो आता उडाला. चौदा वर्षांत मारलेले सगळे काळवीट त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले असावेत, एकूणएक बाटलेले.

मल्लप्पा जमिनीकडे बघत होता.

"भरत्यात." पायरीवरून आवाज आला. "म्या बगितलंय. दरसाल बगितलंय. मिस्त्री न्हाय भरत, हीच भरती." मायाक्का उभी राहिली होती. बोलता बोलताच तिला कळलं असावं, कारण पुढचा शब्द तिच्या तोंडातून लवकर निघाला नाही. "म्हंजी ह्ये बी..." ती दाक्षायणीकडे बघत राहिली. "काल मी आले तवा तुला ठावं हुतं."

"होतं," दाक्षायणी म्हणाली.

मग फौजदाराने खुर्ची पुढे ओढली. "दाखवा," तो म्हणाला. "भरून दाखवा."

तिने आतून सामान आणलं आणि टेबलावर मांडलं. पाचशे नंबरची रिकामी पुंगळी, टोपी, माप, डबा, डाट, गोळी. टोपी बसवली. माप डब्यात बुडवलं, सपाट केलं, पुंगळीत ओतलं. डाट दाबला, गोळी बसवली, कड आवळली. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत. काडतूस टेबलावर उभं राहिलं. तिने बाजूला काळ्या दारूचं एक भरलेलं काडतूस ठेवलं. दोन्ही एकसारखी.

"साहेब, तुमच्या पिस्तुलाचं एक काडतूस द्या. उघडायचं आहे."

फौजदार कुरकुरला, पण कुतूहल मोठं होतं. त्याने कमरेच्या पट्ट्यातून एक काढून दिलं. तिने चिमट्याने हलक्या हाताने गोळी उपसली आणि पुंगळी कागदावर उलटी केली. मोडलेल्या शेवयांसारखे चिमूटभर तुकडे पडले, बाकी पुंगळी रिकामी.

"ही बिनधुराची," फौजदार हळूच म्हणाला.

"हो. एवढीच पुरते, आणि तुमची गोळीही लहान नाही. माझ्या मापात हिच्या कितीतरी पट मावते. काळ्या दारूचं माप नव्या दारूला लावलं. माप उचललं तेव्हा मला जड लागलं होतं." तिचा आवाज सपाट होता, जणू सामानाची यादी वाचत होती. "जड लागलं होतं, तरी मी ओतलं. सिदूची काही चूक नव्हती."

"माप तेच, असं मी सांगितलं होतं," मल्लप्पा म्हणाला. त्याने मान वर केली नाही, पण सांगितलं. "डब्यावरचं मला वाचता येत नव्हतं. तेही लिहा साहेब."

फौजदाराने डबा उचलला, डोळ्यांजवळ नेला, वाचला. वाचून झाल्यावर त्याने तो फार सांभाळून खाली ठेवला.

मायाक्का पायरी चढून आत आली. तिला कुणी अडवलं नाही. तिने भरलेलं काडतूस उचललं, मग काळ्या दारूचं उचललं, दोन्ही तळहातांवर घेऊन बघितली. "दिसतंय तर त्येच्यासारकंच," म्हणाली आणि परत ठेवली.

फौजदार लिहू लागला. परवाना जमा करावा लागेल, मिस्त्रींना कचेरीत यावं लागेल, पुढचं वरचे साहेब ठरवतील, हे त्याने लिहिता लिहिताच सांगितलं. आबासाहेब काहीतरी बोलायला गेले तर त्याने हात वर केला. "पहिला बार त्याला कुणी टाकायला लावला तेही लिहितोय, इनामदार. चाकरीतच मेला तो." आबासाहेब बसले.

"मोठ्यानं वाचा," मायाक्का म्हणाली.

फौजदाराने वाचलं. सिदू राखणदार याची काही कसूर नाही. चाकरीत असताना, धन्याच्या हुकमावरून बार टाकताना मृत्यू. मायाक्काने डोळे मिटून ऐकलं आणि खाली बसली.

"आता तुमचं, बाई," फौजदार म्हणाला. "नाव दाक्षायणी, नवऱ्याचं नाव मल्लप्पा. धंदा काय लिहू? घरकाम?"

"काडतुसं भरणे."

त्याने मान डोलावली. "आजवर एकही खराब गेलं नव्हतं?"

"नाही."

त्याने लिहिलं आणि वाचून दाखवलं. दाक्षायणी मल्लप्पा, धंदा काडतुसं भरणे, चौदा वर्षांत याआधी एकही काडतूस खराब नाही. त्याने लेखणी तिच्या हातात दिली.

तिने कागदावर आपलं नाव पाहिलं, त्याच्यापुढे आपलं काम पाहिलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या आत काहीतरी हललं. ते सुख होतं. सिदूच्या पंचनाम्यावर तिला सुख वाटलं, स्वच्छ, उघडं, आपलं नाव लागल्याचं सुख. ते कळताच तिला इतकी लाज वाटली की लेखणी हातातून सुटली. ती मटकन खाली बसली आणि रडू लागली, मोठ्याने, पंचांसमोर, इनामदारासमोर, पदर सावरायचंही भान न राहता.

मायाक्का बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग सरकत जवळ आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"असू दे, आक्का," ती म्हणाली. "माज्या मालकासाटी हितं कुनीतरी रडलं."